इंचातल्या ध्येयांबद्दल खुलासा

श्रीयुत व्याहीमास्तर यांस,

दुकानातल्या दोन मशिनांच्या मधे बसून, चष्मा पुसून आणि कात्री बाजूला ठेवून केलेला नमस्कार पोचावा. तुमच्या गुडघ्याचं काय? मागच्या पत्रात डावा गुडघा कुरकुरतो असं लिहिलं होतंत, या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. म्हणजे एक तर तो बरा झाला असणार किंवा उजवाही त्याला सामील झाला असणार. आमच्याकडे सगळं ठीक. तुमच्या विहीणबाईंचा आवाज खणखणीत आहे (त्याबद्दल पुढे सविस्तर येईल) आणि मी होतो तसाच आहे, फक्त थोडा कमी (त्याबद्दलही येईल). जावईबापूंना आणि आमच्या लेकीला आशीर्वाद. गुंडीला काही सांगू नका. म्हणजे सांगा, पण मी विचारत होतो असं न दाखवता सांगा.

तुमचं पत्र मिळून आठवडा झाला. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालात तरी प्रश्नांना आकडे घालायची सवय काही गेली नाही. प्रश्न पहिला: नातीने सुट्टीत आमच्याकडे राहून शाळेचा जो 'आजी-आजोबांसोबत ध्येये ठरवू या' नावाचा तक्ता भरून आणला, त्यातली सगळी ध्येयं इंचांत का आहेत आणि शेवटी 'माया' नावाचा एक जादा रकाना कुणी आखला, याचा खुलासा तिच्या बाईंनी मागवलाय. प्रश्न दुसरा: पुढच्या मोठ्या सुट्टीत तिला तळ्याकाठच्या शिबिराला पाठवायचं घाटतंय. पोहणं, तंबू, दुर्बीण वगैरे. सगळी सुट्टी तिथेच जाणार, म्हणजे आमच्याकडे येणं होणार नाही, तर आमचं मत काय? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी देतो. जरूर पाठवा. आमची काही हरकत नाही. तीस दिवसांत त्या पोरीने आमच्या नाकी नऊ आणले, आता कुठे आम्ही दोघं शांतपणे चहा पितोय. पहिल्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे. लाल पेन खाली ठेवून वाचा.

(मागे एकदा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत की नातीला 'गुंडी' म्हणू नका, गुंडाचं स्त्रीलिंग वाटतं. मास्तर, आमच्या धंद्यात गुंडी म्हणजे बटण. जन्मली तेव्हा ती तेवढीच होती. पण या सुट्टीनंतर तुमच्या व्याकरणातही तथ्य असावं असं मला वाटू लागलंय.)

तर तक्ता. तो तिच्या दप्तराच्या तळाशी, रंगपेटी आणि एक चपटं झालेलं केळं यांच्या मधे होता, आणि बाहेर यायला तिसरा दिवस उजाडला. वर शाळेने चार सूचना छापल्या होत्या. ध्येय मुलाने आणि आजी-आजोबांनी एकत्र बसून ठरवावे. ध्येय लहान असावे. त्याला मुदत असावी. आणि चौथी, जिने सगळा घोटाळा केला: ध्येय मोजता येईल असे असावे. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने एक्कावन्न वर्षं लोकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या मोजल्या, त्याच्यापुढे 'मोजता येईल असे' हे शब्द ठेवले तर तो काय करील? मी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. माझा अपराध एवढाच. बाकीचं ओघाने होत गेलं.

गुंडीने पहिलं ध्येय सांगितलं, शहाण्यासारखं वागणे. मी विचारलं, किती इंच? ती म्हणाली, "आजोबा, शहाणपणा इंचात नसतो." मी म्हटलं, "मग ते ध्येय नाही. सूचना चार वाच." तिने सूचना वाचली, माझ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघूनच मी सावध व्हायला हवं होतं. तुमच्या विहीणबाई आतून ओरडल्या की अहो, वेळ मोजतात, पानं मोजतात, टेप कसली लावताय! त्यांना आम्ही दोघांनी मतदान घेऊन हरवलं. दोन विरुद्ध एक. (तुमच्या घरी ती हल्ली सारखं मतदान घेते अशी लेकीची तक्रार आहे. त्याचं मूळ हे. माफी असावी.)

आता माया. तुम्ही भाषा शिकवलीत, पण हा अर्थ तुमच्या वर्गात आला नसेल. शिवण घालताना कडेला आत दुमडून जे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो. अंग भरलं, उंची वाढली, की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. माया न ठेवता कापड बेतणारा शिंपी मला आवडत नाही. माणूस आज आहे तेवढाच उद्या राहणार असं तो धरून चालतो. हे मी गुंडीला समजावलं आणि म्हटलं, ध्येयसुद्धा नेमकं मापावर कापू नये, आत थोडी माया ठेवावी. तिने लगेच पट्टी घेऊन रकाना आखला. बाईंना वाटलं असेल की पोरीने प्रेम इंचांत भरलंय. तसं काही नाही, हा निव्वळ धंद्यातला शब्द आहे, असं त्यांना कळवा.

पहिलं ध्येय शेवटी असं ठरलं: गुंडीने सुट्टीत साडेसात इंच वाचन करणे, माया एक इंच. म्हणजे वाचलेली पुस्तकं एकावर एक रचून उंची मोजायची. दुसऱ्याच दिवशी ती कोपऱ्यावरच्या वाचनालयातून जाड पुठ्ठ्याची, पाच-पाच पानांची, तान्ह्या मुलांची पुस्तकं घेऊन आली आणि जेवायच्या आत दोन इंच वाचून मोकळी झाली. मी ते नामंजूर केलं. मग मी पुस्तक दाबून मोजायचो आणि ती फुगवून मोजायची, त्यावरून आमची रोज बाचाबाची. अखेर वाचनालयाच्या बाईंना तिने सरळ विचारलं की तुमच्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक कोणतं, आणि त्या साध्या बाईने 'गुरांचे आजार व उपचार' हा सव्वातीन इंची ग्रंथ काढून दिला. तो आम्ही दोघांनी वाचला, मास्तर. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी काज करत बसायचो आणि ती मशिनाच्या फळीवर पाय सोडून मोठमोठ्याने वाचायची. खुरांना सूज येण्याची सात कारणं मला आता झोपेतून उठवून विचारा. पोटफुगीच्या प्रकरणात तिला इतकं हसू यायचं की एका गृहस्थांची ट्रायल चालू असताना त्यांना वाटलं आपल्यालाच हसते आहे. (त्यांचं पोट तसं होतंच. पण कोट त्यांनी नेला.)

दुसरं ध्येय तुमच्या विहीणबाईंचं. त्यांनी तीस वर्षं इस्पितळाच्या मोठ्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या रोग्याला "उठू नका" सांगायची सवय. तेव्हा गुंडीने लिहिलं, आजीचा रागाचा आवाज दारापासून सहाशे इंचांच्या पुढे न जाणे, माया साठ इंच. आता हे मोजायचं कसं? पोरीने गल्लीत खडूने खुणा करत दहा टेपा (एक टेप म्हणजे साठ इंच) जमिनीवर मोजल्या आणि केशकर्तनालयासमोर हातरुमाल घेऊन उभी राहिली. ऐकू आलं की रुमाल हलवायचा आणि एक टेप मागे सरायचं. पण तुमच्या विहीणबाईंना ऐन वेळी राग येईना. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "असं उगीच कसं रागवू मी? काही कारण नको?" तेव्हा मदत म्हणून मी सांगितलं की तुमचा निळा लोकरीचा स्वेटर हरवलेला नाही, मी तो इस्त्रीच्या टेबलावर कापडाखाली घातलाय, दोन वर्षं झाली. मास्तर, दहाव्या टेपेला रुमाल हलला. पंधराव्या टेपेला हलला. केशकर्तनालयातून अर्धी दाढी झालेला माणूस साबणासकट बाहेर आला. तेविसाव्या टेपेला गुंडी कोपऱ्यावर पोचली, तिथे बसच्या चालकाला वाटलं आपल्यालाच कुणीतरी थांबा म्हणतंय, आणि तो बिचारा थांबला. त्यानंतर तीन दिवस तुमच्या विहीणबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे ध्येय पुरं झालं असं मी धरलं. गुंडीने धरलं नाही. ती तुमच्यासारखीच कडक आहे, मार्क सोडत नाही.

तिसरं ध्येय माझं, आणि तक्त्यातली शेवटची ओळ तीच. बाईंनी तिच्याभोवती गोल करून प्रश्नचिन्ह टाकलंय असं तुम्ही लिहिता. ती ओळ अशी: दोघे मिळून एकशे अठरा इंच. माया: आजोबांना एक.

झालं असं. मागच्या सुट्टीतल्या मापाने मी तिला एक कोट शिवून ठेवला होता. आली त्या दिवशी अंगावर चढवला, तर बाह्या मनगटाच्या वर दोन बोटं आणि खांद्यात घट्ट. सगळी माया सोडली तरी अंगाला येईना. एक्कावन्न वर्षांत माझं इतकं चुकलेलं माप दुसरं नाही, आणि चुकलं ते कुणाचं, तर हिचं. मग तुमच्या विहीणबाईंच्या अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता रीतसर उंची घेऊन ठेवतो, म्हणून तिला कटिंगच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी केली. बावन्न इंच. पेन्सिलीने खूण केली. मग ती म्हणाली, "आता तुम्ही उभे राहा." मी राहिलो. पासष्ट. तिने जुन्या वहीतून माझ्या लग्नाच्या सुटाचं पान शोधून काढलं (वह्या मी टाकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे), तिथे माझ्याच अक्षरात साडेसहासष्ट. मी सांगितलं, टेप जुनी झालीय, ताणलीय. तिने खणातून नवी टेप काढली, पाकीट फाडलं, पुन्हा मोजलं. नव्या टेपेनेही मी पासष्टच भरलो.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. वही मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही संपत चाललात?" मी म्हटलं, अगं, कापड पाण्यातून काढलं की थोडं आटतं, तसं. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी किती राहाल?" तुमच्या विहीणबाई तीन दिवसांचा अबोला सोडून आतून म्हणाल्या की तुझ्या वयाची मुलं वर्षाला दोन इंच वाढतात आणि यांच्या वयाची माणसं वाकून बसतात, दोन्ही रीतीप्रमाणेच चाललंय. तेव्हा गुंडीने बोटांवर बेरीज केली. बावन्न आणि पासष्ट, एकशे सतरा. मग तक्ता पुढे ओढून लिहिलं, दोघे मिळून एकशे अठरा, मुदत पुढची सुट्टी. मला म्हणाली, "मी दोन वाढते. म्हणजे तुम्हाला एक इंच कमी व्हायची परवानगी आहे. पण त्याच्यापेक्षा जास्त नाही हां, आजोबा. सही करा."

मी सही केली. मशीनवर बसताना पाठ ताठ ठेवायची असं कबूल केलं, तिने रोज दूध प्यायचं कबूल केलं. ती पिते का? (हे खुलाशात येत नाही, पण पिते का?) उरलेले दिवस ती शिवणाच्या मधेच येऊन माझ्या पाठीवर लाकडी पट्टी ठेवायची आणि "वाकलात" म्हणून जायची.

मग लेक न्यायला आली. मी बसथांब्यावर तासभर आधी नेऊन बसवलं दोघींना, म्हटलं जायचंच आहे तर वेळेवर जा. बस हलली आणि मी तुमच्या विहीणबाईंना म्हणालो, सुटलो एकदाचे. त्या म्हणाल्या, "हो ना." मास्तर, तुमच्यापाशी काय लपवायचं, करमत नाही हो. गिऱ्हाइकाचं माप घेताना मी मोठ्याने सांगायचो आणि ती वहीत लिहायची, अशी महिनाभर सवय झाली. परवा एका माणसाच्या छातीला टेप लावून मी "छाती अडतीस" म्हणालो आणि थांबलो. लिहायला कुणी नाही हे ध्यानातच नव्हतं. तो माणूस बिचारा घाबरून "हो" म्हणाला. मग मीच वही ओढून आकडा लिहिला, तिच्या शेवटच्या ओळीखाली. तुमच्याकडे ती रोज असते. सकाळी दात घासत नाही म्हणून ओरडता, शाळेत सोडता, गृहपाठावरून भांडता. वर्षातले अकरा महिने. मला तुमचा हेवा वाटतो, आणि हे मी सरळ लिहितोय, कारण बोलताना मला हे जमणार नाही.

असो. बाईंना कळवायचा खुलासा थोडक्यात असा की मोजणे या शब्दाचा अर्थ आजोबांनी आपल्या धंद्याप्रमाणे घेतला, त्यात मुलीचा दोष नाही, तिचे मार्क कापू नयेत. काही कापायचंच असेल तर कापड पाठवा, मी इकडे बसलोच आहे. शिबिराबद्दल वर लिहिलंच आहे. सर्वांना यथायोग्य सांगावं, गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा व्याही,
पासष्ट इंच (आज सकाळी, अनवाणी)

ता. क. शिबिराबद्दल तुमच्या विहीणबाईंचं मत निराळं आहे, ते फक्त कळवायचं म्हणून कळवतो. त्या म्हणतात तळ्याच्या पाण्याने कान फुटतात. परिचारिकेचं मत आहे, मी मधे पडत नाही.

ता. क. दुसरी. शिबिर सगळी सुट्टी असतं का? की मधे चार दिवस सोडतात? चार नसतील तर दोन. दोन नसतील तर एक दिवस, सकाळी आणून संध्याकाळी न्या, मी थांब म्हणणार नाही. तिकडे उंची मोजून आकडा कळवा असं तुम्ही सुचवाल. ते चालणार नाही. तुमच्या दिवाणखान्याची फरशी दाराकडे उतरती आहे, हे मी लग्नाच्या बोलणीच्या वेळीच पाहिलं होतं आणि भिडेपोटी बोललो नव्हतो. शिवाय दोघे मिळून म्हणजे दोघे एका ठिकाणी. तिने तसंच लिहून माझी सही घेतलीय. वर 'काही हरकत नाही' असं लिहिलंय ते कृपया 'हरकत आहे' असं वाचावं. खोडलं असतं, पण खाडाखोड तुम्हाला चालत नाही.

ता. क. तिसरी. पाकीट चिकटवलं होतं, उघडून लिहितोय. आत्ताच लेकीचं पत्र आलं. तिने सहज लिहिलंय की गुंडीने शिबिराच्या जाहिरातीतलं होडीचं चित्र कापून आपल्या कपाटाला आतून लावलंय. आतून का लावलं असेल ते मला कळलं, मास्तर. पोरगी मनाने तुमच्या माझ्या दोघांपेक्षा मोठी आहे. तेव्हा दुसरी ता. क. सोडून द्या आणि आधी तिलाच विचारा. आजोबा काय म्हणतात ते न सांगता विचारा. ती जाते म्हणाली तर खुशाल पाठवा, पोहायचा पोशाख मी शिवून देतो, ताजं माप तेवढं कळवा. फक्त एक करा. ती आपणहून हो म्हणाली, हे मला लिहू नका. तुम्हीच ठरवलंत असं लिहा. तुमच्यावर मला रागावता येतं.